मदत हवी आहे: वडिलांचा पहिला सीटी नॉर्मल, आता परत सीटी की एमआरआय?

वडील ७४ वर्षांचे. पेसमेकर आहे, रक्त पातळ करायची गोळी रोज चालू. महिन्याभरापूर्वी बाथरूममध्ये घसरले, डोक्याची मागची बाजू दारावर आपटली. शुद्ध गेली नाही, उलटी नाही, फक्त टेंगूळ. त्याच दिवशी सीटी केला: कवटीला फ्रॅक्चर नाही, रक्तस्राव नाही, वयोमानाने मेंदू थोडा आकसलेला. मानेच्या एक्सरेत मणके झिजलेले दिसले.

आता आठवडाभर डोकं दुखतंय, चालताना उजवा पाय ओढतात. काल सदऱ्याची बटणं एक घर सोडून लावली. दाखवलं तरी त्यांना त्यात काही चुकलेलं दिसेना. आमचे डॉक्टर म्हणतात परत सीटी करा. भाऊ म्हणतो मानेचंच आहे, फिजिओथेरपी लावू. वहिनीचं म्हणणं, एमआरआय भारी असतो, मग परत किरणं कशाला? कुणी नीट समजावेल का?

पाऊलवाट: माझ्या सासूबाईंचं डोकं असंच दुखायचं, मानेचा पट्टा लावला आणि महिन्यात बऱ्या झाल्या. उगाच टेस्ट करत बसू नका.

काळीपांढरी_फिल्म: पट्टा बाजूला ठेवा, प्लीज. मी रेडिओग्राफर आहे. स्कॅन काढतो, रिपोर्ट डॉक्टर लिहितात. पण हे वाचून गप्प बसवत नाही. तुमचे डॉक्टर बरोबर सांगताहेत, आणि सीटी आजच व्हायला हवा.

पहिला रिपोर्ट खोटा नव्हता, तो फक्त त्या दिवसापुरता होता. म्हातारपणी मेंदू आकसतो, मग मेंदूपासून वरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. साध्या धक्क्यानेही एखादी फाटते आणि रक्त थेंबाथेंबाने आवरणाखाली साचत राहतं. आकसलेल्या मेंदूभोवती जागा असते, म्हणून कित्येक आठवडे काही जाणवत नाही. त्यात रक्त पातळ करायची गोळी. अशा साचलेल्या रक्ताला सबड्युरल हिमॅटोमा म्हणतात. वेळेत कळला तर बहुतेकदा कवटीला भोक पाडून रक्त काढता येतं.

सीटीत ताजं रक्त पांढरं दिसतं. दोन-तीन आठवड्यांनी ते मेंदूच्याच राखाडी रंगाचं होतं आणि पटकन ओळखू येत नाही, त्यानंतर काळपट होत जातं. मधल्या काळात डॉक्टर रक्तापेक्षा त्याच्या खुणा बघतात: मेंदूच्या घड्या कवटीपर्यंत पोचतात का, मधली रेष एका बाजूला सरकलीय का. म्हणून जुनी सीडी शेजारी ठेवून बघणं फार कामाचं.

पाऊलवाट: पण मानेत झीज दिसली आहेच ना? ती खोटी का?

काळीपांढरी_फिल्म: खरी आहे. या वयात बहुतेकांच्या मानेत दिसते, ज्यांना काहीच त्रास नाही त्यांच्याही. एक्सरेत हाडं दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही, त्यामुळे तो दाबला गेलाय की नाही हे एक्सरेवरून ठरवताच येणार नाही. आता मानेत मज्जारज्जू दाबला गेला तरी बटणं लावायला त्रास होतो आणि चाल बिघडते, हे खरं. पण तेव्हा बोटं अडखळतात, आणि चूक माणसाला कळते. इथे चूक दाखवूनही दिसत नाहीये. ते डोक्याचं काम वाटतं. मानेचा एमआरआय लागला तर नंतर बघता येईल.

धागाकर्ती: खूप आभार. एमआरआय आत्ता का नको? आणि किरणांचं काय?

काळीपांढरी_फिल्म: एमआरआय वाईट नाही, पण वीस मिनिटं ते पाऊण तास न हलता पडून राहावं लागतं, गोंधळलेल्या माणसाला ते जमत नाही. शिवाय पेसमेकर. काही नवे पेसमेकर एमआरआयला चालतात, पण कार्ड बघून, हृदयाच्या डॉक्टरांकडून सेटिंग बदलून घेऊनच. त्यात वेळ जातो. सीटी काही मिनिटांत होतो, आणि पेसमेकरमुळे अडत नाही. रक्त शोधायला बहुधा डाय टोचावा लागत नाही.

डोक्याच्या सीटीत साधारण २ मिलिसीव्हर्ट (किरणं मोजायचं माप) किरणं मिळतात. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतातच. ७४ व्या वर्षी, ही लक्षणं असताना, त्याची काळजी करू नका.

धागाकर्ती: आज संध्याकाळी जातो. गोळी बंद करू का?

काळीपांढरी_फिल्म: स्वतःहून नको. गोळीचं नाव, डोस आणि शेवटची कधी घेतली ती वेळ लिहून न्या. ठरवायचं ते डॉक्टर ठरवतील. पेसमेकरचं कार्ड, जुन्या सीटीची सीडी सोबत घ्या, नुसता रिपोर्टचा कागद नको. पडले होते, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, उजवा पाय ओढतात, हे तीनही फॉर्मवर लिहायला लावा. आणि संध्याकाळपर्यंत थांबू नका, आत्ता निघा. नुसत्या स्कॅन सेंटरला नव्हे, न्यूरोसर्जन असलेल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत.