शब्दचर्चा : मीटर ‘अचूक’ की ‘काटेकोर’?

प्रश्न : नागपुरात आयटीआयच्या पोरांसाठी इलेक्ट्रॉनिक वीजमीटरवर मराठीत टिपणं लिहितोय. ‘ॲक्युरसी’ला अचूकता लिहिलं. मग ‘प्रिसिजन’ला काय? बोलताना आपण दोन्हींना अचूकच म्हणतो.

उत्तर : भाऊ, टिपणांत तरी हे दोन वेगळे ठेवाच; ‘प्रिसिजन’ला ‘काटेकोरपणा’ लिहा. ‘अचूक’ म्हणजे न चुकणारं, नेम साधणारं. १०० युनिट वापरले आणि मीटरने १०० दाखवले, तर तो अचूक. तोच भार दहादा मोजला आणि दर वेळी १०२ आले, तर मीटर काटेकोर आहे, अचूक नाही. बनवणाऱ्याला हा मीटर चालतो. बेंचवर प्रमाण मीटरशी ताडून मायक्रोकंट्रोलरमध्ये (मीटरमधला हिशेब करणाऱ्या चिपमध्ये) एक गुणक साठवला, की ते दोन टक्के गेले. पण कधी ९८ आणि कधी १०३ दाखवणाऱ्याला कोणता गुणक द्यायचा? काटेकोरपणा सर्किटमध्येच असावा लागतो. अचूकता नंतर देता येते.

प्रश्न : आणि ‘ॲनालॉग फ्रंट एंड’? मी ‘उंबरठा’ लिहिणार होतो. बाहेरची वीज तिथूनच आत येते.

उत्तर : शब्द गोड आहे, पण तो दुसऱ्या कामाला लागलाय. भार नसताना मीटरने पुढे सरकू नये म्हणून एका ठरावीक पातळीखालचा करंट मोजतच नाहीत; त्या पातळीला उंबरठा म्हणू द्या. फ्रंट एंडचं काम मात्र सविस्तर लिहा. शंट म्हणजे करंट मोजायला त्याच्या वाटेत बसवलेला अगदी छोटा रोध. २०० मायक्रोओहमच्या शंटवर १० अँपिअरला जेमतेम २ मिलिव्होल्ट मिळतात. क्लास १ च्या (म्हणजे एक टक्का अचूकतेच्या गटातल्या), १० अँपिअर बेसिक करंटच्या (ज्या करंटला धरून मीटर बनवलाय त्या) मीटरने ४० मिलिअँपिअरला मोजायला सुरुवात करायची असते, म्हणजे ८ मायक्रोव्होल्टला! इतका बारीक सिग्नल गोंगाटातून वर काढून त्याचे आकडे करणारा हा भाग. मी ‘ॲनालॉग फ्रंट एंड’च ठेवीन आणि खाली ही दोन वाक्यं देईन.

आणखी एक उत्तर : ‘फेज एरर’कडे जास्त लक्ष द्या. आपल्याकडे वायरमनला ‘फेज’ म्हटलं की टेस्टर पेटवणारी तारच दिसते. फेज एरर म्हणजे फेज-न्यूट्रल उलटे जोडले, असं तो समजेल. पाठ्यपुस्तकातला ‘कलांतर’, म्हणजे करंट आणि व्होल्टेजच्या लाटा एकमेकींच्या किती मागे-पुढे आहेत ते, इथे खरंच कामाचा आहे, ‘कलांतरातली चूक’ म्हणा. उन्हाळ्यात घरोघरी चालणाऱ्या कूलरचं उदाहरण द्या. त्याच्या मोटरमध्ये करंट व्होल्टेजच्या मागे राहतो. करंट ट्रान्सफॉर्मरने (काही मीटरांत शंटऐवजी करंट मोजणाऱ्या भागाने) त्यात एक अंशाचा फरक पाडला, तर पॉवर फॅक्टर १ असताना, म्हणजे करंट व्होल्टेजच्या मागे नसताना, चूक नगण्य, पण ०.५ असताना तीन टक्के. क्लास १ च्या मीटरला तिथे एकच टक्का माफ आहे. हिटरचा पॉवर फॅक्टर १ असतो; निव्वळ हिटर लावून तपासलेला मीटर म्हणूनच फसवतो.

प्रश्न विचारणारा : होय जी, पटलं. कलांतराला स्वतंत्र पान देतो आणि कूलरची आकृती काढतो.