पोलिसांविषयीचे मत नेमके कशावरून ठरते?

वाटसरू_सातारा

गेल्या महिन्यात एसटी स्थानकावर गर्दीत बसमध्ये चढताना माझ्या खिशातील मोबाइल मारला गेला. पोलीस ठाण्यात गेलो असता ठाणे अंमलदारांनी हकिगत शांतपणे ऐकून घेतली, बसायला खुर्ची दिली आणि अर्जासाठी कोरा कागद पुढे करताना ‘चोरीला गेला’ असे न लिहिता ‘गहाळ झाला’ असे लिहावे, असे सुचवले. चोरी लिहिल्यास पंचनामा, जबाब आणि पुढे कोर्टाच्या तारखा मागे लागतील, गहाळचा दाखला मात्र दहा मिनिटांत मिळेल, असे त्यांचे म्हणणे होते. मी तसे लिहून दिले. याच ठाण्यातील दोन शिपायांनी काही दिवसांपूर्वी आमच्या शेजारचे, विस्मरणाचा आजार असलेले आजोबा रात्रभर शोधून पहाटे घरी आणून सोडले होते आणि घरच्यांनी आग्रह करूनही चहासुद्धा घेतला नव्हता. पोलीस म्हटले की आपल्याकडे एक तर हार घालतात किंवा शिव्या घालतात. एकाच ठाण्याविषयी इतकी परस्परविरोधी मते का तयार होतात, याविषयी अनुभवी सदस्यांनी लिहावे.

मुक्काम_नागपूर

‘गहाळ’ लिहून घेण्यात तुमच्या सोयीपेक्षा ठाण्याची सोय अधिक असते. दर महिन्याला वरिष्ठांसमोर गुन्हे आढावा बैठक होते आणि दाखल किती, उघड किती, याचा हिशेब प्रभारी अधिकाऱ्याला तेथे द्यावा लागतो. दाखल झालेला पण उघडकीस न आलेला मोबाइल चोरीचा गुन्हा त्या तक्त्यात डोळ्यांत खुपत राहतो, गहाळचा अर्ज मात्र त्यात येतच नाही. विधिमंडळात विरोधी पक्ष, मग तो कोणताही असो, तेच आकडे फडकवतो आणि वृत्तपत्रे ‘कायदा-सुव्यवस्थेचे तीनतेरा’ असा मथळा देऊन मोकळी होतात. याचा अर्थ असा की, जो अधिकारी इमानदारीने प्रत्येक तक्रार नोंदवील त्याचीच हद्द कागदावर सर्वांत वाईट दिसते. आजोबांना शोधल्याने कोणाचा तक्ता बिघडत नव्हता, म्हणून तेथे पोलिसांमधील माणुसकीला वाव मिळाला, असे मला वाटते.

कायद्याचे म्हणाल तर तो स्पष्ट आहे. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती मिळाल्यास गुन्हा नोंदवणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते आणि नोंदीची प्रत विनामूल्य द्यावी लागते. ठाण्याने नकार दिल्यास लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

पोलीस_लाईनीतली

माझे वडील मुंबईत हवालदार होते. गणेशोत्सवात ते घरी केवळ गणवेश बदलायला येत, आणि आमच्या घरचा दीड दिवसाचा गणपती शेजारच्या काकांनी विसर्जित केल्याचे मला अनेक वर्षांचे आठवते. साप्ताहिक सुटी बंदोबस्तात जाई, वसाहतीतील छत गळत असे, आणि वडिलांचा डबा न उघडता परत आला की मोर्चा लांबला असणार हे आईला न सांगता कळे. २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, तेव्हा वसाहतीतील बायकांनी त्याची जितकी चर्चा केली तितकी पगारवाढीचीही कधी केली नव्हती.

हे सर्व सबब म्हणून सांगत नाही. वरकमाई कोणाची आहे, हे लाईनीत प्रत्येकाला ठाऊक असे आणि त्याविषयी कोणी चकार शब्द काढत नसे. परंतु दर २६ नोव्हेंबरला सर्वांच्या स्टेटसवर तुकाराम ओंबळे असतात, याचे मला कौतुकही वाटते आणि थोडा रागही येतो. त्यांच्या हातात केवळ काठी होती. गिरगाव चौपाटीजवळ त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी गोळ्या झेलत धरून ठेवली, म्हणून तो जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. ते सहायक उपनिरीक्षक होते, आणि त्याच हुद्द्याचा माणूस दुसऱ्या दिवशी नाक्यावर हेल्मेटची पावती फाडू लागला की स्टेटस ठेवणाऱ्यांच्याच लेखी तो हप्तेखाऊ ठरतो.

पालावरचा

वरील तिन्ही प्रतिसादांत एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे पोलीस ठाण्यात आपण फिर्यादी म्हणून जातो. आम्ही पारधी. आमच्या समाजातील बहुतेकांचा ठाण्याशी पहिला संबंध संशयित म्हणून येतो. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आमच्यासारख्या कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, आणि सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट वसवली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, परंतु गावात घरफोडी झाली की पहाटे गाडी प्रथम पालावरच येते, ही रीत गेली नाही. गाडीचा आवाज ओळखून पुरुष रानात पळतात, आणि पळाले म्हणजे नक्कीच यांनीच केले, असा निष्कर्ष निघतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाविषयीच्या निकालात विमुक्त जमातींच्या, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या आमच्यासारख्या जमातींच्या, लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले, यावरून ही तक्रार आमच्या मनातील नाही, हे लक्षात यावे.

१९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्याच्या आवारात मथुरा या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप होता. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली त्या दोघांना निर्दोष सोडले, त्यावर देशभर संताप उसळला आणि १९८३ साली कायदा बदलला. मुलगी गरीब आणि आदिवासी नसती तर ते प्रकरण तसे घडले असते का, हा प्रश्न मला आजही पडतो.

चांगला अनुभव नाही असे नाही. आमच्याकडे एक फौजदार होते. ते चौकशीसाठी येत तेव्हा गाडी लांब उभी करून चालत येत, नाव घेऊन हाक मारत, आणि ज्याच्यावर संशय असेल त्याच्याच घरी जात. त्यांची बदली झाली तेव्हा पालावरच्या बायका रडल्या. पण एका माणसाच्या स्वभावावर आमची झोप अवलंबून असावी, हे मला पटत नाही.

वाटसरू_सातारा

पालावरचा यांनी मांडलेली बाजू माझ्या प्रश्नात नव्हतीच, हे मान्य. ठाणे अंमलदारांनी मला खुर्ची का दिली, याचाही विचार आता वेगळ्या पद्धतीने करावा लागेल. मोबाइल चोरीला गेल्याचा नवा अर्ज द्यायचे ठरवले आहे. आधी दिलेल्या गहाळच्या अर्जामुळे अडचण येईल का?

मुक्काम_नागपूर

अडचण येईल असे वाटत नाही. नव्या अर्जात आधीच्या दाखल्याचा क्रमांक देऊन, तो मजकूर कोणाच्या सूचनेवरून लिहिला ते एका वाक्यात नमूद करावे आणि त्या दाखल्याची झेरॉक्स स्वतःकडे ठेवावी. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व ठाण्याचा शिक्का घेतल्याशिवाय निघू नये.