हॉथॉर्न यांचा सुधारकांवरील अविश्वास कितपत स्वीकारावा?

खाडीकाठ, दाभोळ
आमच्या वाचनगटाने अमेरिकन लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्न यांची 'द ब्लाइथडेल रोमान्स' (१८५२) ही सुधारकांच्या वसाहतीवरची कादंबरी वाचायला घेतली आहे. जॉर्ज रिप्ली यांनी बॉस्टनजवळ स्थापन केलेल्या ब्रूक फार्म या वसाहतीत, जिथे प्रत्येकाने शेतात राबावे आणि उरलेला वेळ विद्येला द्यावा असा संकल्प होता, हॉथॉर्न १८४१ मध्ये स्वतः राहिले; पण वर्ष सरण्याआधीच बाहेर पडले. त्यांचा अविश्वास अनुभवातून आला की तो मूळचाच होता? आणि शेतकरी चळवळींचा वारसा सांगणाऱ्या कोकणातल्या वाचकांनी तो कसा घ्यावा?

मुरुड-हर्णै
तो अनुभवातून पक्का झाला, असे मला वाटते. त्यांनी त्या प्रयोगात स्वतःचे हजार डॉलर गुंतवले होते आणि लग्नानंतर तिथेच संसार थाटण्याचा विचार केला होता. थट्टा करायला गेलेला माणूस असे करत नाही. शेणखत ओढता ओढता लेखन थांबले, हे त्यांच्या पत्रांतून दिसते. लावणीच्या दिवसांत सकाळपासून गुडघाभर चिखलात वाकून रोपे लावणाऱ्याची पाठ रात्री अंथरुणाला टेकली की डोळाच मिटतो, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. कादंबरीतला कवी कव्हरडेलही तेच म्हणतो: ढेकळांचे विचार झाले नाहीत, उलट विचारच ढेकळांसारखे जड झाले.

परंतु कादंबरीचा गाभा हॉलिंग्जवर्थमध्ये आहे. गुन्हेगारांना सुधारण्याच्या एकाच ध्यासापायी तो समोरच्या माणसांची किंमत केवळ आपल्या कार्याला होणाऱ्या उपयोगावरून ठरवतो, आणि त्याच्यावर जीव लावणारी झेनोबिया अखेर पाण्यात जीव देते. पुढे कव्हरडेल त्याला विचारतो की किती गुन्हेगार सुधारले, तेव्हा तो सांगतो की एकही नाही. तो एका खुन्यातच गुंतलेला आहे, आणि तो खुनी म्हणजे तो स्वतः. सुधारणेवरचा इतका खोल आक्षेप मी अन्यत्र वाचलेला नाही.

अष्टागर
आक्षेप खोल आहे, पण त्याच हॉथॉर्न यांनी त्याच वर्षी आपले मित्र फ्रँकलिन पियर्स यांच्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी त्यांचे चरित्र लिहिले आणि त्यात गुलामगिरी माणसाच्या उपायांनी दूर होणार नाही, ती ईश्वरी योजनेने योग्य वेळी नाहीशी होईल, असा विचार मांडला. इथे मात्र मी त्यांची साथ सोडतो. आमच्या अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ जमिनी पडीक ठेवून संप केला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती, म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या खोतांची जमीनदारी, नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात आणले, आणि पुढे १९४९ मध्ये तसा कायदा झाला. योग्य वेळेची वाट पाहत बसले असते, तर कुळांच्या आणखी किती पिढ्या खोताच्या दारात उभ्या राहिल्या असत्या?

मुरुड-हर्णै
हे मान्य आहे. तरीही चरीची कुळे स्वतःच्या धान्यातला स्वतःचा वाटा मागत होती, दुसऱ्यांचे आयुष्य आपल्या आराखड्यानुसार घडवायला निघाली नव्हती. हॉथॉर्न यांचा संशय या दुसऱ्या प्रकाराला नेमका लागू पडतो. पियर्स यांच्या चरित्रात त्यांनी तो पहिल्या प्रकारालाही लावला, ही त्यांची चूक मला गंभीर वाटते.

खाडीकाठ, दाभोळ
दोघांचेही मनापासून आभार. चरित्रातला गुलामगिरीविषयीचा भाग आम्ही कादंबरीच्या सोबतीनेच वाचायला ठेवतो.