गोचीड चावल्यानंतर एकाचे दोन दिसतायत

भावाला दीड महिन्यापूर्वी गोचीड चावली, लाल चट्टा आला न् आपोआप गेला म्हणून सोडून दिलं, आता चेहऱ्याची उजवी बाजू लुळी पडलीये, डोळा मिटत नाही आणि लांबचं डबल दिसतं. लाइम (गोचिडीतून होणारा जंतुसंसर्ग) असेल का? खूप घाबरलोय.

उत्तर १: असू शकतं. लाइमचे जंतू नर्व्हपर्यंत गेले की ७वी नर्व्ह (चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस) सगळ्यात जास्त सापडते, म्हणून पापणी मिटत नाही. ६वी गेली तर डोळा बाहेरच्या बाजूला वळत नाही आणि डबल दिसतं, एक डोळा झाकला की थांबतं. आजच न्यूरॉलॉजिस्टला दाखवा आणि गोचिडीचं आवर्जून सांगा, नाहीतर साधी बेल्स पाल्सी (नेमकं कारण न सापडता चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं) समजून नुसते स्टेरॉइड सुरू व्हायचे.

उत्तर २: उघड्या डोळ्याला जपा हो! कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) कोरडा पडून जखम होते. दिवसा ड्रॉप्स, रात्री मलम लावून पापणी टेपने बंद. बहिणीच्या वेळी आम्ही हेच विसरलो, फार त्रास झाला तिला.

उत्तर ३: डोळ्याचा पडदाही तपासून घ्या, कवटीतलं प्रेशर वाढलं तर ऑप्टिक नर्व्हला (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) सूज येते. उपचार साधारण २-३ आठवडे, डॉक्सीसायक्लिन किंवा शिरेतून सेफ्ट्रायॅक्सोन, ही अँटिबायोटिक्स. बहुतेकांचं डबल दिसणं हळूहळू जातं.

प्रश्नकर्ता: आत्ताच निघतोय त्याला घेऊन.