१८ फुटी हलक्या फायबर होडीला ९० एचपीचं इंजिन लावावं का? ट्रान्समला (इंजिन टांगतात त्या मागच्या भिंतीला) तडे आहेत, सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

मी बेलापूरच्या दिवाळे गावची. आप्पांची लाकडी होडी विकल्यावर घरात होडी नव्हती. दोन वर्षांपूर्वी मी आणि चुलतभावाने भागीत एक जुनी फायबर होडी घेतली, रविवारी गरवायला. लांबी १८ फूट, मागे रुंदी साडेपाच फूट. ६० एचपीचं टू स्ट्रोक इंजिन, हातात दांडा धरून चालवायचं. इंजिन उतरवलं की सहा जण मिळून ती चिखलावरून सहज ओढतो, इतकी हलकी. घेताना याच गोष्टीचं कौतुक वाटलं होतं.

खाडीत जिताड्यामागे फिरायला ती पुरते. आता भावाला अलिबागजवळच्या खांदेरी बेटाच्या बाहेर सुरमईला जायचंय आणि त्याने ९० एचपीचं फोर स्ट्रोक बघून ठेवलंय. लवकर पोचू, वारा सुटायच्या आत परत येऊ, असं त्याचं म्हणणं. ते चुकीचं नाही. पण मागच्या महिन्यात जे झालं त्यानंतर माझा जीव धजत नाही.

त्या दिवशी निघायला उशीर झाला. उरणच्या मोरा बंदरापुढे ओहोटीचं पाणी बाहेर धावत होतं आणि वारा समोरून आत येत होता. अशा वेळी लाटा आखूड आणि उभ्या होतात, खाडीतल्या माणसाला हे सांगायला नको. होडी एका लाटेवरून सुटली आणि पुढच्या लाटेवर सपाट आदळली. रिकामा पत्र्याचा डबा दाबून सोडल्यावर वाजतो तसा आवाज आला. पायाखालचा तळ आत येऊन परत गेलेला मला तळव्यांना कळला. घरी येऊन फळी उचलली तर खाली दोन बादल्या पाणी.

दुसऱ्या दिवशी होडी सुकी पडल्यावर नीट पाहिली. इंजिनाच्या बोल्टांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा आहेत. त्या जेलकोटच्याच, म्हणजे वरच्या चकचकीत थराच्याच असाव्यात. पण ट्रान्सम आणि डावी बाजू मिळते त्या कोपऱ्यात वीतभर लांब तडा आहे, त्यात नख अडकतं. दहाच्या नाण्याने ट्रान्समवर ठोकत गेले. कडेला टणटण आवाज येतो, मधे बोल्टांखाली भद्द. फिशफाइंडरच्या पट्टीचा एक स्क्रू काढला तर भोकातून चहाच्या रंगाचं पाणी ठिबकलं.

होडीला जास्तीत जास्त किती एचपी चालेल याचं अमेरिकेतल्या नियमातलं सूत्र भावाने शोधून आणलंय. २० फुटांखालच्या आउटबोर्ड होड्यांसाठी लांबी गुणिले ट्रान्समची रुंदी, दोन्ही फुटांत. आमचं येतं ९९. त्याची दुप्पट करून ९० वजा केले की १०८, पाचाच्या पटीत ११०. म्हणजे ९० चालेल, असं तो म्हणतो. होडीवर बांधणाऱ्याची क्षमतेची पाटी नाही. बहुतेक आधीच्या मालकाने रंग मारताना काढली.

ट्रान्सम आतून कुजलाय का हे खात्रीने कसं बघायचं? आणि दुरुस्तीनंतर तरी ९० लावता येईल का?

प्रतिसाद

ताई, तुम्ही नाणं वाजवून पाहिलंत ते फार बरं केलंत. मी फायबर होड्यांच्या साच्यावर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ते सूत्र. दुपटीतून ९० वजा करायचे ते होडीला स्टिअरिंग व्हील असेल आणि ट्रान्समची उंची किमान २० इंच असेल तरच. दांड्याने चालणाऱ्या होडीला, तळ सपाट नसेल तर, ०.८ ने गुणून २५ वजा करतात. तुमचं येतं ५४.२, म्हणजे ५५. आत्ता लावलेलं ६० च त्या हिशेबाने जास्त आहे. तळ सपाट आणि कडा धारदार असेल तर आकडा आणखी खाली येतो. शिवाय ते सूत्र फक्त मापं बघतं. तळाला मॅटचे, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या कापडाचे किती थर आहेत, आतली लाकडं कशी चिकटवलीत, हे त्याला कळत नाही.

खरा मार वेगाचा असतो. लाटेवर आदळताना तळावर येणारा दाब साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो. १८ नॉटवरून २७ नॉटवर गेलात तर वेग दीडपट, दाब सव्वादोनपट. तळ डब्यासारखा आत-बाहेर होतोय म्हणजे लांबीतल्या दोन लाकडांमधला पट्टा पातळ आहे. फायबरला पत्र्यासारखा पोचा पडत नाही, ते वाकून परत येतं, म्हणून वरून धडधाकट दिसतं. पण दर वेळी रेझिनमध्ये, म्हणजे काचेचे धागे धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्यात, बारीक चिरा पडतात आणि लांबीतली लाकडं तळाला जोडणारे काचेचे पट्टे हळूहळू सुटतात. ते सुटले की तळ आणखी वाकतो, मग आणखी सुटतात. वरच्या फळ्या उचलून ते जोड हाताने चाचपा. पातळ सुरी सहज आत गेली तर जोड सुटलाय.

हलकी होडी म्हणजे वाईट होडी, असं मात्र नाही. फोमचा गाभा घालून, मोजून थर देऊन केलेली हलकी होडी दणकट असते. रेझिन आणि मॅट वाचवून केलेलीही हलकीच भरते. दोन्ही उचलताना सारख्याच वाटतात.

ट्रान्समच्या आत प्लायवूड असतं. स्क्रूचं भोक नीट बुजवलं नाही की तिथून पाणी शिरतं, प्लाय मऊ पडतं, बोल्ट आवळला की ते चेपतं आणि बोल्ट परत सैल होतो. तुमचं चहाच्या रंगाचं पाणी तेच सांगतंय. खात्रीसाठी इंजिन अर्धं वर उचला, खालचा पाय धरून वर-खाली हलवा आणि दुसऱ्या माणसाला ट्रान्समकडे बघायला सांगा. ट्रान्सम इंजिनासोबत हलला तर तो गेलाय. मग आतल्या बाजूने ६ मिमीची दोन-तीन भोकं पाडा, अगदी तळाशी एक. भुसा कोरडा, फिकट आला तर ठीक. काळा, ओला आला तर पूर्ण प्लाय बदलावं लागेल. वरून मॅट मारून भागवू नका, ओलावा आत कोंडला जातो.

६० चं टू स्ट्रोक साधारण १०० किलोचं असतं, ९० चं फोर स्ट्रोक १६० च्या पुढे. एवढं वजन हलक्या होडीच्या शेपटीवर टांगलं की मागचा काठ पाण्याजवळ येतो. थ्रॉटल अचानक सोडलं की मागची लाट थेट आत.

तोवर ६० सुद्धा निम्म्या थ्रॉटलच्या वर नेऊ नका. लाइफ जॅकेट घाला आणि इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला बांधा. दांड्याच्या होडीत चालवणारा बाहेर फेकला गेला की होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येते.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. भावाला मोठ्याने वाचून दाखवलं. दांड्याच्या सूत्रावर तो गप्प झाला, मग स्वतःच कागद घेऊन हिशेब करून बघितला.

आज सकाळी ओहोटीला भोकं पाडली. वरच्या भोकाचा भुसा कोरडा आला. बोल्टांखालचा आणि तळाशी असलेल्या भोकाचा काळा, बोटांत दाबला तर पाणी सुटलं. इंजिन हलवताना ट्रान्सम स्पष्ट हलतो, डाव्या कोपऱ्यातला तडा उघडतो-मिटतो. आप्पा बाजूला उभे होते. त्यांनी कोपऱ्याला हात लावला आणि भावाला म्हणाले, "पोरा, हिला घेऊन आता खाडीबाहेर जायचं नाय."

९० चा विचार सोडलाय, इंजिन उतरवून घरात ठेवलंय. आता प्लाय बदलायचा. उरण किंवा करंजा बाजूला ट्रान्सम आतून उघडून बांधणारा खात्रीचा कारागीर कुणाला माहीत आहे का? पावसाळ्यात दमट हवेत काम करायचं नाही म्हणतात, तर ऑक्टोबरपर्यंत थांबावं की शेडखाली आत्ताच सुरू करावं? आणि नव्या प्लायला एपॉक्सी रेझिन वापरावं की नेहमीचं पॉलिएस्टर रेझिन? जुन्या पॉलिएस्टरवर एपॉक्सी चांगलं धरतं असं ऐकलंय, पण खर्च बराच वाढतोय.