डीटी-1चं टायमिंग: 3.2 धरू की पॉइंटचा गॅप?

सड्यावरचा, देवगड

नमस्कार मंडळी. काकांनी कुवेतहून आणलेली यामाहा डीटी-1 आहे, 250ची, 1971चं मॉडेल. बरीच वर्षं पडवीत ताडपत्रीखाली होती. आता सड्यावर फिरवण्याइतपत उभी केली आहे. कार्बोरेटर साफ, क्रँकचे सील नवे, सीबी पॉइंटही (उघडले की ठिणगी पडते ते संपर्क) नवे (कंपनीचे नाहीत, मिळाले ते). सुरू होते लगेच, पण अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे दमच नाही. कुणकेश्वरच्या बाजूचा चढ चढली की सायलेन्सरची झळ पँटमधून लागते.

प्लगच्या भोकात डायल गेज लावून पाहिलं. फिलरने पॉइंटचा गॅप 0.35 मि.मी. ठेवला तर पॉइंट टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) आधी 2.4 मि.मी.वर उघडतो. पाहिजे 3.2. तिथे आणायला गेलो की गॅप 0.5च्या वर जातो. पॉइंट जिच्यावर बसतात ती स्टेटर प्लेट काउंटरसंक स्क्रूंनी बसवलेली, तसूभरही फिरत नाही. इथले मिस्त्री म्हणतात, गॅप बरोबर तर टायमिंग बरोबर. मग धरायचं काय?

वेंगुर्लेकार

माका वाटता कंडेन्सर गेलो असतलो. खाऱ्या वाऱ्यात टर्मिनल हिरवा पडता. आधी तो बदलून बघ.

टू-स्ट्रोकवाले काका, चिपळूण

वेंगुर्लेकर, कंडेन्सर गेला असता तर पॉइंटवर ठिणग्या फडफडल्या असत्या, तोंडं काळी पडली असती. पॉइंट उघडण्याची जागा त्याने सरकत नाही.

सड्यावरच्या, प्लेट फिरत नाही म्हणजे तुझ्याकडे एकाच स्क्रूवर दोन्ही गोष्टी आल्या. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतो, कमी केला की उशिरा. अशा गाडीत टायमिंग धरायचं. 3.2वर बसवल्यावर गॅप 0.3 ते 0.4मध्ये यायला हवा, आला नाही तर काहीतरी जागचं हललंय असं समज. मिस्त्रींचं म्हणणं सगळं जागच्या जागी असेल तेव्हाच खरं.

आधी मोजमाप पक्कं कर. टीडीसीला गेज शून्यावर आण, मग मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चुंबकाचं चाक) उलटा फिरवून 5 मि.मी.पर्यंत मागे जा आणि किकने फिरतो त्या दिशेने हळू पुढे ये. उलटं फिरवता फिरवता वाचलंस तर ढिलाई मोजली जाते. प्लगचं भोक तिरकं असेल तर गेज खोटं बोलतं, तेही बघ. बॅटरी-बल्ब लावला असशील तर तो विझणार नाही, फक्त मंदावेल, कारण कॉइलची तार पॉइंटला समांतरच असते. मी अजून सिगरेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरतो आणि हलका ओढत राहतो. सुटला की तिथेच गेज वाचायचं. नंतर पॉइंट कोऱ्या पुठ्ठ्याने पुसायचे, कागदाचा एक धागा राहिला तरी करंट नाही.

एवढं करूनही 2.4च आलं तर दोन संशयित. एक, नव्या पॉइंटची टाच. कॅमवर घासणारा तो फायबरचा तुकडा बाजारू मालात जाड-बारीक किंवा किंचित सरकलेला असतो. जुने पॉइंट असतील तर घालून ताडून बघ. दुसरा, आणि माझा जास्त संशय याच्यावर, मॅग्नेटची चावी, म्हणजे त्याला क्रँकवर जागा दाखवणारा छोटा तुकडा. कॅम मॅग्नेटच्या मधल्या बोळ्यावर असतो. चावी अर्धी कापली गेली की मॅग्नेट क्रँकच्या मागे पडतो आणि सगळंच उशिरा. पुलर लावून काढ. हातोड्याने ठोकू नकोस, क्रँक वाकेल.

आणि तोवर घाईने 3.2च्या पुढे ढकलू नकोस. उशिरा टायमिंगने गाडी तापते, फार लवकर झालं तर पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं.

सड्यावरचा, देवगड

काका, मॅग्नेट काढला. चावीला मधोमध पायरी पडलीय आणि क्रँकच्या टेपरवर (निमुळत्या टोकावर) तांबूस गंज. पण नट तर चांगला घट्ट होता!

टू-स्ट्रोकवाले काका, चिपळूण

नट घट्ट असेल रे, पण टेपर धरत नव्हता. मॅग्नेट टेपरच्या पकडीवर उभा असतो, चावी फक्त जागा दाखवते. पडवीत समुद्राची हवा लागून टेपरला गंज चढला, त्या गंजावर नट आवळला गेला आणि भार चावीवर आला.

नवी चावी लगेच घालू नकोस. ऑइल सीलवर फडकं कोंब, टेपरला व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट अगदी थोडी लाव आणि चावी न घालता मॅग्नेट हाताने मागे-पुढे फिरव. दोन्हीकडे सगळीकडून एकसारखा करडा पट्टा दिसला की पुरे. पेट्रोलने पेस्टचा कण न् कण धुऊन काढ. मॅग्नेटच्या आतला लोखंडी कीस पण पूस. बसवताना टेपर कोरडा, ग्रीस-ऑइल काही नाही. चावी विकतचीच आण. खिळा घासून केलेली चालते असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस.

सड्यावरचा, देवगड

झालं. 3.2वर गॅप 0.38 आला, तेच बाजारू पॉइंट ठेवून. चढ तिसऱ्यात चढते आता, सायलेन्सरही पूर्वीसारखा भाजत नाही. कॅमला वंगण कुठलं लावू?

टू-स्ट्रोकवाले काका, चिपळूण

कॅमजवळच्या फेल्टला ऑइलचे एक-दोन थेंब, बस. जास्त झालं तर पॉइंटवर उडेल.