52 हजार ओळींच्या फाईलमधून रँडम 200 रेकॉर्ड काढायचेत, स्क्रिप्ट कुठंतरी गंडलीय

टॉवेलवाला: नमस्कार मंडळी, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसला आहे मी. एप्रिल ते मार्च प्रॉडक्शनची टेक्स्ट फाईल आहे, तारीख, माग नंबर, पाळी, विणकराचा कोड, डझन, वजन असं एका ओळीत, 52 हजार ओळी. सीए साहेबांना त्यातले कुठलेही 200 पाहिजेत वहीशी टॅली करायला. मी बॅशमधे (लिनक्सच्या कमांड लाईनवर) स्क्रिप्ट लिहिली, रँडमचा आकडा घेतला, 52000 नं भागून बाकी घेतली, एक मिळवला आन सेड कमांडनं त्या नंबरची ओळ काढली, असं 200 वेळा. एक ओळ दोनदा आली ते सोडा, पण नोव्हेंबर अर्धा झाल्यानंतरचं एक पण रेकॉर्ड नाही! साहेब म्हणले, काय ओ, दिवाळीनंतर माग बंद होते का तुमचे. तीनदा चालवली, तेच यायलंय.

कडक_भाकरी: काय बे, बॅशचा रँडम 0 ते 32767 एवढाच देतो की. 52000 नं भागलं तरी बाकी तोच आकडा राहणार, म्हणून 32768 च्या पुढची ओळ तुला जन्मात येत नाही, हिशोब कर, महिन्याला साधारण 4300 ओळी धरल्या तर बरोबर नोव्हेंबरचा मध्य येतो. आणि दरवेळी सेड म्हणजे तीच फाईल 200 वेळा वाचायची, कशाला? ओळी पिसून देणारी शफ कमांड आहे ना. शफ, स्पेस, मायनस एन, स्पेस, 200, स्पेस, फाईलचं नाव, संपलं. एक ओळ दोनदा घेत पण नाही, तसं मुद्दाम पाहिजे असलं तर मायनस आर लावायचं.

जुना_खेळाडू: आम्ही सॉर्ट कमांडला मायनस कॅपिटल आर लावून ओळी विस्कटतो आणि हेडनं वरच्या 200 घेतो, वर्षानुवर्षं चाललंय.

कडक_भाकरी: दादा चालतंय पण जपून. ते ओळीचा हॅश (मजकुरावरून काढलेला आकडा) काढून त्याप्रमाणं लावतं, त्यामुळं हुबेहूब सारख्या ओळी एकमेकीला चिकटूनच येतात. शफमधे तसं नाही.

टॉवेलवाला: भाऊ जमलं, मार्चपर्यंतचे सगळे महिने यायलेत! पण एका ठिकाणी नुसतं "धागा तुटला, मिस्त्रीला बोलावलं" एवढंच आलं, माग नंबर नाही काही नाही. रात्रपाळीचा पोरगा रिमार्क टाकताना मधेच एंटर मारतो वाटतं.

संगणक_ताई: शफला ओळ कळते, रेकॉर्ड कळत नाही. आधी ऑकनं (ओळीओळीनं मजकूर हाताळायचं टूल) फाईल सरळ करून घ्या, ओळ तारखेनं सुरू होत असेल तर नवा रेकॉर्ड, नसेल तर आधीच्याच्या शेपटीला जोडायची. नाहीतर रिमार्कवाल्या रेकॉर्डला दोन चिठ्ठ्या आणि बाकीच्यांना एक, असली सोडत काय कामाची. वर हेडिंगची ओळ असेल तर ती पण आधी बाजूला काढा. आणि सीएला दाखवायचंय ना, मग पायथनमधे सीडला, म्हणजे रँडमची सुरुवात ठरवणाऱ्या आकड्याला, एक आकडा द्या (फाईलची तारीख द्या, लक्षात राहते) आणि सँपलनं 200 काढा. उद्या त्यांनी परत चालवलं तरी तेच 200 यायला पाहिजेत, नाहीतर म्हणतील सोयीचे निवडले. पायथन मात्र तेच व्हर्जन ठेवा.

टॉवेलवाला: ताई, मालक म्हणतेत पुढं सगळ्या युनिटच्या फायली एकत्र करू, मग मेमरीत मावेल का?

संगणक_ताई: मावेल हो, टेक्स्टच आहे. नाहीच मावली तर रिझर्व्हॉयर सँपलिंग बघा, लई भारी डोकं आहे त्यात. पहिल्या 200 ओळी हातात धरायच्या. मग 201 वी आली की 201 पर्यंतचा एक रँडम आकडा काढायचा, 200 किंवा त्याखालचा आला तर हातातली त्या नंबरची ओळ काढून तिथं ही ठेवायची, 202 वीला 202 पर्यंत, असं शेवटपर्यंत. फाईल एकदाच वाचायची, एकूण ओळी किती ते आधी माहीत नसलं तरी चालतं, आणि तुमच्या 52 हजारात प्रत्येकीचा चान्स 260 ला एक, पहिली असो की शेवटची. ऑकमधे 10 ओळींत होतं, फक्त सुरुवातीला एसरँड (ऑकमधे सीड द्यायचं फंक्शन) लिहायचं विसरू नका, नाहीतर बऱ्याच ऑकमधे दरवेळी तेच आकडे येतात.

टॉवेलवाला: ओळी जोडल्यावर 52 हजाराचे 49,300 रेकॉर्डच राहिले. त्यातले 200 काढले, जानेवारीचे 15 आलेत, पण त्यातले दोन ऐन संक्रांतीचे आहेत ओ, दिवसपाळी, 40 डझन. त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती, सगळे गड्ड्याच्या जत्रेला गेलते. आता हे मालकाला कोण विचारायचं?

कडक_भाकरी: सीड बदलू नको बे 😄